काटा जागचा हलला नाही

जबाब देणार: गॅसमास्तर या नावाने सर्वपरिचित, वय ५२ वर्षे, धंदा भुलीची यंत्रे व गॅसच्या पाइपलाइनची दुरुस्ती, शिक्षण आठवी, राहणार मोठ्या दवाखान्यामागची गल्ली, हिरव्या शटरचे दुकान, वरचा मजला.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, शिक्षणाच्या रकान्यात आठवी लिहिले ते खरे आहे. पण त्याखाली, पुढील वस्तू मी स्वतःच्या हाताने बनविल्या, हेही लिहावे. यंत्राची गळती तपासण्यासाठी सायकलच्या ट्यूबचे केलेले फुप्फुस, एक. सिलिंडरच्या न कलंडणाऱ्या ढकलगाड्या, चार. वॉशर कापण्याचे पंच, सात मापांचे. मास्क अडकविण्याचे हूक, एकसष्ट. आणि ऑपरेशन थिएटर दोनमधील यंत्राचे सर्व व्हॉल्व्ह, कंपनीने ते यंत्र भंगारात काढल्यानंतर. ते आजही चालते. हे मला कोणी शिकविलेले नाही.

या वर्षी वरून परिपत्रक आले की नायट्रस, म्हणजे भुलीसोबत देतात तो वायू, भिंतीतल्या पाइपमधून पुरविणे बंद करावे व लागेल तिथे छोटा सिलिंडर वापरावा. पाइपमधला बराचसा वायू रुग्णापर्यंत न पोचता सांध्यांतून हवेत जातो, असे कारण दिले होते. ते बरोबर आहे. सलग दोन सुट्ट्यांत, एकही ऑपरेशन नसताना, मी सिलिंडर तोलून पाहिले होते. अकरा किलो वायू कोणाला न देता संपला होता. परिपत्रकात हेही होते की जुना पाइप कापून टोके बुजवावीत, नुसता कॉक बंद करून भागवू नये. ती ओळ मी लाल पेन्सिलीने अधोरेखित करून ठेकेदाराच्या हातात दिली.

ठेकेदार माझा मेहुणा, पत्नीचा धाकटा भाऊ. पाइप जोडायला त्याला मीच शिकविले.

थिएटर एक ते तीनचा नायट्रस बंद झाला. चारचा महिनाअखेरीस व्हायचा होता, म्हणून मुख्य पाइपात वायू चालू होता. त्याच सुमारास रिकव्हरीच्या खोलीत, म्हणजे ऑपरेशननंतर रुग्णाला पूर्ण जाग येईपर्यंत ठेवतात तिथे, तीन नव्या खाटांना ऑक्सिजन द्यायचा होता. मेहुण्याने थिएटर तीनचा जुना नायट्रसचा पाइपच तिकडे वळविला व त्याला ऑक्सिजनच्या पाइपचा पांढरा रंग दिला. मुख्य पाइपकडचे टोक कापलेस ना, असे मी विचारले. तो म्हणाला, "दाजी, तुमचाच चेला आहे मी." मी वर चढून पाहिले नाही. शिडी तिथेच होती.

ऑक्सिजन सोडण्यापूर्वी पाइपात हवा भरून चोवीस तास दाब टिकतो का ते पाहतात. हवा चार बार दाबापर्यंत भरायची होती. दाबमापकाचा काटा चार पूर्णांक तीनवर जाऊन थांबला. थोडी जास्त भरली असे धरले. सोमवारी सकाळी दहाला चार पूर्णांक तीन, मंगळवारी सकाळी दहाला चार पूर्णांक तीन. मेहुणा म्हणाला, "दाजी, पुतळासुद्धा इतका गप्प उभा राहत नाही. करा सही." मी रजिस्टरच्या पान ४७ वर दोन्ही आकडे लिहून सही केली.

सव्वीस वर्षे मी काटे पाहतो आहे. पहाटे गारठा आला की बंद पाइपातला काटा केसभर तरी उतरतो. उतरलाच नाही, म्हणजे पाइपला कुठून तरी पुरवठा चालू आहे. मुख्य नायट्रसचा दाब चार पूर्णांक तीनच असतो. हे मला माहीत होते. त्या दिवशी मला तो काटा आवडला.

त्यानंतर नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी थिएटरबाहेर सक्शनचा पंप उघडून बसलो असता भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला हाक मारली. रुग्ण शिवणकाम करणारी बाई, वय ३४, पित्ताशयाचे ऑपरेशन. टेबलावर तिने डोळे उघडून किती वाजले असे विचारले होते. रिकव्हरीत आणून मास्क लावल्यावर तिचे ओठ निळे पडू लागले. सिस्टरने ऑक्सिजन वाढविला. ओठ आणखी निळे झाले. सिस्टरने आणखी वाढविला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मास्तर, ऑक्सिजन वाढवते तशी ही निळी पडते. मला वेड लागलंय का, सांगा."

मी ऑक्सिजन मोजण्याचा मीटर मास्कच्या नळीला लावला. आकडा शंभराजवळ हवा. आपल्या साध्या हवेत तो एकवीस असतो. मीटरने चाळीस दाखविले, मग पंचवीस, मग एकोणीस, मग चौदा. मी मास्क काढा म्हणालो. म्हणालो की ओरडलो, ते सिस्टरला विचारावे. सुट्या सिलिंडरवर घेतल्यावर रंग परत आला. एकूण सहा मिनिटे गेली. शेजारच्या दोन खाटांवरचे मास्क मी स्वतः काढले. तिथे धार बारीक ठेवली होती म्हणून निभावले. त्यांतले एक आजोबा म्हणाले, "अहो, हळू! नाक माझंच आहे."

नंतर शिडीवर चढून छताचा पत्रा काढला. टोक कापलेले नव्हते. कॉकची मूठ काढून टाकली होती व आतला दांडा अर्धा आटा उघडा होता. सकाळी सगळी थिएटरे चालू झाली की ऑक्सिजनचा दाब नायट्रसच्या दाबाखाली येतो, तेव्हा नायट्रस त्यात शिरत होता. मी पान्याने कॉक बंद केला. पाना माझ्या हातून दोनदा पडला. फरशीवर दोन खुणा आहेत, त्या माझ्या. तपासात त्यांचा वेगळा अर्थ लावू नये.

त्या नऊ दिवसांत त्या तीन खाटांवर अठ्ठ्याऐंशी रुग्ण होऊन गेले. जाग किती वाजता आली, हा रकाना सिस्टरच्या वहीत आहे. मी तो वाचला नाही. शिवणकामवाली बाई आज पाचव्या दिवशी डोळे उघडते. नवऱ्याला ओळखत नाही.

शुक्रवारी सकाळी पुन्हा वर पाहिले असता पाइप कापलेला व टोके बुजविलेली होती. दुपारी दवाखान्याने भूल जास्त झाल्याचा ठपका ठेवून डॉक्टरबाईंना घरी बसविले. आता पुरावा म्हणून पान ४७ तेवढे उरले आहे, आणि त्यावर सही माझी आहे.

संध्याकाळी मेहुणा घरी आला. म्हणाला, "दाजी, पाइप कापलाय. कोणी विचारलं तर तो पहिल्यापासून कापलेलाच होता."

मी म्हणालो, "आणि डॉक्टरबाई?"

"त्या शिकलेल्या आहेत, कुठंही नोकरी मिळेल. तुम्हाला कोण दारात उभं करणार आहे?"

माझी पत्नी म्हणाली, "तो माझा सख्खा भाऊ आहे. तुमचा कोण लागतो, तो काटा?" ती शनिवारपासून माहेरी आहे.

रविवारी सकाळी दुकानाच्या हिरव्या शटरवर पांढऱ्या रंगाचा एक आडवा पट्टा आढळला. बोटाला लावून पाहिला. पाइपला दिलेला तोच रंग. ओला होता. वर घरात मी एकटाच होतो.

आज येताना नेहमीचा रस्ता घेतला नाही. रजिस्टर शर्टाच्या आत पोटाला बांधून आणले. मूळ पानासह ते तुमच्या ताब्यात देत आहे, त्याची पावती मिळावी. डॉक्टरबाईंची चूक नाही. घरी परत जाताना सोबत कोण आहे, असे विचारले असता, कोणी नाही.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखविला. दोन ठिकाणी आकडा चुकला होता तो दुरुस्त करून घेतला. आता सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.

सही करण्यापूर्वी एक सांगायचे राहिले. शनिवारी दुपारी बारा वाजता दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी केबिनला आतून कडी लावली आणि पान ४७ तेवढे फाडून द्या म्हणाले. त्या बदल्यात कायम नोकरी, दारावर अभियंता अशी पाटी, आणि वर रोख रक्कम. मी नको म्हणालो. रक्कम अंकात आणि अक्षरांत, दोन्ही लिहा: ७,००,०००, सात लाख.