खलीलचाचांची सांगायची पद्धत

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या किनारा नोंद केंद्राचे प्रमुख माननीय सुजित म्हात्रे साहेब, व्यासपीठावरचे मच्छीमार सोसायटीचे चेअरमन तुकाराम तांडेल, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे खलील उलडे चाचा, पहिल्या रांगेत बसलेल्या रहिमुन्निसा चाची, आणि आगरदांड्याहून, काशीदहून वेळ काढून आलेल्या नाखवा-तांडेल मंडळींनो, भगिनींनो.

मी कल्पिता. केंद्रात संगणक आणि वायरलेसचं काम बघते. मला भाषण करता येत नाही, नोंद ठेवता येते. म्हणून आधी नोंद वाचते.

एक. ९ फेब्रुवारीला केंद्राचा वायरलेस संच बंद पडला.

दोन. १० फेब्रुवारीला दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी केंद्राच्या फोनवरून ‘सागर सूचना’ या ग्रुपवर गस्ती बोटीच्या संपूर्ण महिन्याच्या फेऱ्यांचा तक्ता गेला. ग्रुपमध्ये एकशे त्रेचाळीस नंबर होते.

तीन. त्याच संध्याकाळी त्या तक्त्याचा स्क्रीनशॉट समाजमाध्यमावरच्या बाहेरच्या एका पानावर आला. त्यात घड्याळ होतं, दोन वाजून बारा मिनिटं. आणि पाठवणाऱ्याचं नाव होतं, खलील उलडे.

चार. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याखाली सहा हजार प्रतिक्रिया होत्या.

पाच. गस्तीच्या वेळा बदलण्यात आल्या. समुद्रात काही घडलं नाही.

सहा. केंद्राने आजपर्यंत एका ओळीचाही खुलासा दिलेला नाही.

नोंद संपली. आता सत्कारमूर्तींविषयी बोलते.

चाचांनी या किनाऱ्यावर चौतीस वर्षं नोकरी केली. त्यांचं काम काय होतं, हे इथल्या तांडेलांना मी सांगायला नको. पण पाहुणे आहेत म्हणून सांगते. गस्ती बोट जाळ्यावरून गेली तर जाळं फाटतं आणि बोटीचा पंखाही अडकतो. म्हणून उद्या कुठे जाळं टाकू नये, हे होडीवाल्याला कळावं लागतं. चाचा रोज दुपारी डिझेल पंपाशेजारी उभे राहत. होडी चालवणारा एकेक तांडेल समुद्रात जायचं टोकन दाखवायला आला की त्याला सांगत, “उद्या किल्ल्याच्या दक्षिणेला नको.” फक्त जागा. वेळ कधीच नाही, ती तस्करांच्या कानी जाऊ नये म्हणून. उद्याचं सांगत, परवाचं नाही. आणि नवा चेहरा दिसला तर आधी पाणी विचारत, मग गाव, मग बापाचं नाव.

मला ही पद्धत वेळखाऊ वाटायची. मी त्यांना म्हटलं होतं, “चाचा, एका संदेशात सगळं होईल.”

“होईल ना बेटी. पण मला समोरचा दिसायला हवा.”

“सगळ्यांचे नंबर आहेत आपल्याकडे.”

“नंबराचा चेहरा कुठं बघू?”

तुकारामभाऊ तिथेच उभे होते. ते म्हणाले, “चाचाला फोन म्हंजे पानाचा डबा वाटतो. उघडायचा, बघायचा नि बंद करायचा.” आम्ही सगळे हसलो. चाचाही हसले. आज तुकारामभाऊ खाली बघतायत, मला दिसतंय. भाऊ, मीही हसले होते.

मग ग्रुप तयार झाला आणि त्यावर रोज उद्याची जागा मी कळवू लागले. केंद्राच्या फोनचं सिमकार्ड फार पूर्वी चाचांच्या नावावर घेतलेलं, म्हणून ग्रुपवर नावही त्यांचंच दिसायचं.

आता क्रमांक दोनकडे परत येते. तिथे मी पाठवणाऱ्याचं नाव घेतलं नाही. आपल्या अहवालातही ते नाही. वायरलेस बंद होता, तांडेल विचारत होते, आणि रोज एकच दिवस कळवायचा मला कंटाळा आला होता. चाचा दुपारच्या नमाजाला गेले होते. फोन टेबलावर होता. तक्ता मी पाठवला.

ही चूक माझी. दुसरी चूकही माझीच, ग्रुपच्या यादीची. तक्ता कोणी कधी पाहिला हे फोनमध्ये दिसतं. दोन वाजून बारा मिनिटांपर्यंत एकोणीस जणांनी पाहिला होता. त्यातल्या अठरा जणांना मी स्वतः भेटले. एकोणिसावा नंबर ‘शिवकन्या’ होडीचा. होडी नीराबाईंची. नीराबाई, तुम्ही मागे बसला आहात, तुमचंच वाक्य सांगते. मी विचारलं, फोन कुठे आहे? तुम्ही म्हणालात, “पोरी, तो फोन होडीचा हाय, माझा न्हाय. दिवाळीनंतर होडी इकली, फोन होडीबरोबर गेला.”

आपल्याकडे हे असंच चालतं. खलाशी बदलतात, तांडेल बदलतो, फोन होडीतच राहतो. इथल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. मी यादीत होड्यांची नावं लिहिली, माणसांची लिहिली नाहीत. शिवकन्या जिल्ह्याबाहेर कोणाकडे गेली ते मला अजून माहीत नाही. तिथूनच तक्ता फुटला, असं मी म्हणत नाही. ती शक्यता आहे. शक्यतेला पुरावा म्हणायचं काम सहा हजार लोकांनी आधीच केलं आहे.

त्या प्रतिक्रिया मी सगळ्या वाचल्या. पहिल्या पन्नास जणांनी तक्त्याविषयी विचारलं होतं. त्यानंतर तक्त्याविषयी कोणी बोललं नाही, फक्त नावाविषयी बोलले. गेल्या वर्षी झेंडावंदनाला काढलेला चाचांचा फोटो कोणीतरी शोधला, झेंडा कापून टाकला आणि चेहरा ठेवला. ‘आता एसटी चुकेल, पण गस्त चुकणार नाही’ हा विनोद तुम्ही वाचला असेल. मला तो या सभागृहातल्या चौघांनी पाठवला. नावं घेत नाही.

तिसऱ्या दिवशी घराचा फोटो आला. चौथ्या दिवशी भर दुपारी मोटारसायकलवरून दोघं आले आणि नाक्यावरच्या शिंप्याला विचारलं, “उलडेचं घर कुठलं?” शिंप्याने सांगितलं नाही. पण ते आले होते. तेव्हापासून चाची ओट्यावर बसत नाहीत. आज त्या मागच्या दाराने निघून रिक्षाने आल्या. आपण इथे शाल आणि श्रीफळ देतोय आणि बाहेर रिक्षावाला इंजिन चालू ठेवून उभा आहे. हे मला तुम्हाला सांगायलाच हवं होतं.

चौकशीत चाचा एवढंच बोलले, “फोन माझ्या नावावर आहे.” मी त्यांना विचारलं, माझं नाव का नाही सांगितलं? म्हणाले, “माझा फोटो फिरून झाला. तुझा कशाला?”

साहेब, तुमच्याकडेही मी आले होते. तुम्ही म्हणालात, “ते रिटायरच होतायत, कल्पिता. तुला अजून तीस वर्षं काढायचीत. वातावरण निवळू दे.” तुम्ही माझ्या काळजीने बोललात, हे मी मान्य करते. मी अठरा दिवस गप्प राहिले, तेही भीतीपोटी. आत्ताही मला भीती वाटते. पुढच्या रांगेत दोन फोन माझ्याकडे धरलेले दिसतायत. रेकॉर्डिंग चालू असेल तर चालू ठेवा. मात्र पूर्ण ठेवा, कापू नका.

रोजे चालू आहेत, म्हणून चाचांपुढचा चहा तसाच आहे. ईदच्या नमाजाला या वर्षी जाणार नाही, असं त्यांनी घरी सांगितलंय. कारण विचारलं तर म्हणाले, “माझ्याबरोबर उभ्या राहणाऱ्यांचे फोटो निघायला नकोत.” चौतीस वर्षं दुसऱ्यांची जाळी वाचवणाऱ्या माणसाने हे म्हणावं, आणि आपण त्यांना पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा द्याव्यात?

चाचा, तुमची पद्धत बरोबर होती. मला ती उशिरा समजली. बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि आयोजकांचे आभार. समारंभाला न शोभणारं बोलले असेन, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या.

शेवटी एक विनंती. तक्ता खलील उलडे यांनी पाठवला नाही, मी पाठवला, असं माझं सहीचं निवेदन या पाकिटात आहे. साहेब, ते मी तुमच्यासमोर ठेवते. केंद्राचा खुलासा लेखी असावा आणि त्याची प्रत चाचांच्या घरी पोहोचावी. कृपया सोमवार, १६ मार्चपर्यंत उत्तर द्यावं, कारण त्याच आठवड्याच्या शेवटी ईद आहे.