हुपरीपलीकडची मतपेटी

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती मुख्याध्यापिका पवित्राबाई, आणि मंगळवार पेठेतल्या या सभागृहात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी शहाजादी, बाईंच्या शाळेतली जुनी शिक्षिका. बाईंचं शिकवणं सगळ्यांनी वाखाणलं. पण त्यांचा उजवा हात कोपरात वाकत का नाही, हे कुणी विचारलंय कधी?

इचलकरंजी नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. होता म्हणायचं, कारण फेररचनेत ते नाव गेलं आणि हातकणंगले आलं. नव्वदच्या दशकात तिथल्या एका निवडणुकीला आमची दोघींची ड्युटी हुपरीपलीकडच्या एका वाडीत लागली. बाई केंद्राध्यक्ष, मी बोटाला शाई लावणारी.

भर दुपारी एक टोळी काठ्या-कोयते घेऊन चालून आली. बाहेरच्या पोलिसाला त्यांनी आधीच लोळवलं होतं. म्होरक्या गरजला, "बाई, पेटी सोडा! शिक्कं आमचं आमी मारतो की!"

"पेटी मिळायची न्हाय," बाई म्हणाल्या.

वाडीतलाच अण्णासो एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. तो दारात आडवा आला. पहिला कोयता त्याच्या मानेत बसला. रक्त थेट टेबलावर उडालं. बाईंनी पेटीवर अंग टाकलं. काठ्या पडत राहिल्या. हाड मोडल्याचा आवाज, मंडळी, मी कानांनी ऐकलाय. बाई किंचाळल्या, पण मिठी सुटली नाही. गाव धावून आलं तशी टोळी पळाली. अण्णासो मात्र उंबऱ्यावरच गेला.

पेटी शाबूत राहिली, म्हणून सकाळची मतं टिकली. उरलेलं मतदान काही दिवसांनी घ्यायचं ठरलं. म्होरक्या अजून मोकाटच होता. बाई प्लास्टरातला हात घेऊन हट्टानं आल्या. बाहेर चिटपाखरू नाही. कोण कशाला जीव धोक्यात घालेल?

आली ती अण्णासोची आई, धोंडुबाई. एकटी.

बाई उठून उभ्या राहिल्या. "मावशी, त्याला वाचवता आलं न्हाय मला."

"त्येनं सकाळीच मत टाकलंतं. ते मोजणार न्हवं?"

"मोजणार."

"मग माझंबी घ्या."

तिनं बोट पुढं केलं. मी शाई लावली, तिनं मत टाकलं. ती बाहेर पडली, तेव्हा दारात रांग लागली होती. पुढं बाईंनी कोर्टात म्होरक्याला बोट दाखवून ओळखलं. त्याला जन्मठेप झाली.

सुखाच्या प्रसंगी रक्ताची गोष्ट काढली. कुणाचं मन दुखावलं असेल, तर धाकटी बहीण समजून पदरात घ्या. बोलू दिलंत, आभारी आहे.