रोज सात वाजताचा पाऊस

काही म्हणा, शिकलेल्या माणसाले शिकवणं भल्लं कठीण.

आमच्या रामाकोन्याच्या घरी, स्लॅबवर, सिंचन हापिसाच्या साहेबानं पाऊस मोजायची मशीन बसवली. तेही पाण्याच्या टाकीखाली! मी तवाच म्हटलं, "साहेब, टाकी भरली का इथंच पाणी सांडते."

"आजी, जागा आम्ही अभ्यास करून ठरवली. तुम्ही आराम करा."

केला आराम. चैत्रात संत्र्याले बोराएवढी फळं धरली, अन् हापिसानं तलावाच्या पाण्याची आमची पाळी रद्द केली. काहून? तर मशीन सांगून राहिली, रामाकोन्यात रोज पाऊस! इकडे फुफाटा उडून राहिला, फळं गळून राहिली. पोरगा दोनदा जाऊन आला, तर म्हणे, "रेकॉर्डमध्ये पाऊस हाय."

शेवटी साहेबच आला, लॅपटॉप घेऊन. मशीनजवळ उभा राहून भल्ला खुश. "आजी, रोज सकाळी सात वाजता पाऊस! लोधीखेड्यात नाही, सौसरात नाही, फक्त तुमच्याकडे. मोठा शोध आहे हा!"

"मंगळवारी होता का?"

त्यानं पाहिलं. "नव्हता. तुम्हाला कसं माहीत?"

"मंगळवारी लाइट नव्हती, बाबू."

तरी माह्याकडे टकमक पाहे. टाकी भरलेलीच होती. मी जिना उतरली, मोटरचं बटन दाबलं अन् खालूनच ओरडली, "छत्री उघडा साहेब, तुमचा शोध येऊन राहिला! भिजून झालं का खाली या, अन् आमची पाळी परत लिहा."