पुरखायचा घोट

त्या वाईनवाल्या साहेबाचं सांगतलंच नाई तुमाले! नाशिकहून दोन तऱ्हेची लाल वाईन घेऊन माह्या बल्लारपूरच्या हॉटेलात आला होता. आमच्या मटनासंगं कोणती जमते, हे आमची गोंड स्वयंपाकीण सोनाबाई ठरवणार होती. तिनं नाई म्हटलं, की साहेब बाटल्यासकट वापस.

शिराझ द्राक्षाची वाईन हाती येताच बाईनं थोडी जमिनीवर सांडली. साहेबाचं तोंडच उतरलं. "आवडली नाही का?"

"चाखलीच कुठी अजून? पहिले पुरखायले देतो आमी." मंग रश्श्यासंगं घोट घेऊन म्हणे, "तिखटापुढं टिकते हे."

मंग दुसरी, कॅबर्ने द्राक्षाची बाटली उघडली, तर साहेबानं स्वतःच दोन थेंब खाली टाकले. हात जोडून विचारलं, "बाई, पूर्वजांना कोणती आवडली?"

"दोन थेंबात काय समजते जी? अजून ओता!"