मी फक्त धावफलक वाचला

…आणि वर मलाच विचारतात, "ग्रेटा, तुला दोन मिनिटं तोंड आवरता आलं नाही का गं?" अहो, मी काय शिवी दिली? कोणाच्या घराला काडी लावली? मी फक्त धावफलक वाचला! तीन मजली उंच धावफलक, पुरुषभर उंचीचे आकडे, नदीपलीकडच्या इलिनॉयमधूनसुद्धा दिसतील असे, आणि ते मी वाचले तर मी घरबुडवी? मला तर अजून धक्काच बसलाय. म्हणजे त्यांच्या वागण्याचाही, आणि नंतर जे झालं त्याचा तर… थांबा, सांगते, नीट सांगते.

तुम्हाला सांगते, आमच्या सेंट लुईत माणूस एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरेल, पण शिकागोच्या निळ्यांशी बेसबॉलचे सामने कधी आहेत हे विसरणार नाही. त्यात यंदा सप्टेंबर संपत आला तरी आमचे लाल आणि त्यांचे निळे अगदी बरोबरीत! हंगामाचे तीनच दिवस उरलेले आणि शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने आमच्याच मैदानावर. जो दोन जिंकेल तो पुढे जाणार, हरेल त्याने घरी बसून हॅलोविनचे भोपळे कोरायचे. सगळं शहर लाल. पाद्रीबाबांचे मोजे लाल. दंतवैद्याने मला भूल द्यायच्या आधी विचारलं, "शुक्रवारी पिचर कोण?"

आमच्या चार खुर्च्या वर्षानुवर्षं ठरलेल्या. कडेला ऑर्व्हिल आजोबा, वय एक्क्याऐंशी, बुटांच्या कारखान्यातून निवृत्त. शेजारी मी. मग लॉर्ना आत्या. आणि पलीकडे केम्परकाका, आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमन, कानाला चोवीस तास रेडिओ, म्हणजे समोर सामना चालू असतानासुद्धा! का, तर "डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

आता आमच्या आजोबांचं एक दुखणं आहे. बेसबॉलमध्ये कधीतरी, फार क्वचित, असं होतं की एखादा पिचर असे काही चेंडू टाकतो की अख्ख्या नऊ डावांत समोरच्या संघाला एकही फटका मिळत नाही. एकही नाही! शून्य! माणसं आयुष्यभर मैदानावर येतात आणि हे न बघताच जातात. आजोबा साठ वर्षं येतायत. या साठ वर्षांत आमच्या मैदानावर हे तीनदा झालं. पहिल्या वेळी आजोबांचं लग्न होतं. दुसऱ्या वेळी माझे बाबा जन्माला आले, ठरल्या तारखेच्या आठ दिवस आधी, आणि आजोबांनी ते त्यांना अजून माफ केलेलं नाही. तिसऱ्या वेळी आजोबांना फ्लू झाला म्हणून त्यांनी आपलं तिकीट दिलं केम्परकाकांना. केम्परकाकांनी तो सामना पाहिला. आजोबांच्या खुर्चीत बसून पाहिला. आणि तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापायच्या आधी ते तो पहिल्या चेंडूपासून सांगतात. आजोबा मान खाली घालून बटाटे कुस्करत बसतात.

तर शुक्रवार. आमचा पिचर चेंडू टाकतोय आणि निळ्यांना काही सुचत नाहीये. चौथा डाव झाला, पाचवा झाला, सहावा झाला, फटके शून्य. आणि मग सुरू झालं आमच्या वडीलधाऱ्यांचं ते… काय म्हणू त्याला! नियम असा की हे घडत असताना त्याचं नाव काढायचं नाही. काढलं की मोडलं. खेळाडूसुद्धा त्या पिचरच्या शेजारी बसत नाहीत, बिचारा वाळीत टाकल्यासारखा बाकावर एकटा. आणि प्रेक्षकांनी हलायचं नाही! आत्याने सातव्या डावात तोंडाशी नेलेलं सॉसेज तसंच धरून ठेवलेलं, मोहरीची चटणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेली, पण पुसायची नाही. केम्परकाकांना पाचव्या डावापासून लघवीला जायचं होतं. आजोबांनी टोपी छातीशी धरलेली, ओठ पांढरे.

आठव्या डावात मी उठले. मला पाणी हवं होतं, एवढंच. ऊन म्हणजे नुसती भट्टी! तर आत्याने माझा हात असा पिरगाळला, असा, आणि ओठ न हलवता म्हणाली, "खाली बस, कार्टे."

"का बसू?"

"कारण."

"काय कारण?"

"ते कारण."

आता मला सांगा, संख्याशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलीला "ते कारण" हे कारण कसं चालेल? माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आणि थोडं मोठ्यानेच म्हटलं असेल, "म्हणजे अजून त्यांना एकही फटका मिळाला नाही म्हणून? ते तर समोर लिहिलंय की!"

तुम्हाला सांगते, आजूबाजूच्या पाच रांगा माझ्याकडे वळल्या. एका म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. आणि पुढचाच चेंडू… अहो, तो फटका तरी म्हणायचा का? बॅट मोडली, चेंडू मेलेल्या उंदरासारखा घरंगळत गेला आणि गवतात मध्येच थांबला, आणि तो शिकागोचा ढोल्या धापा टाकत चेंडूच्या आधी पहिल्या बेसवर पोचला, म्हणजे झाला फटका. फटके एक. मग आमच्या पिचरचं जे बिनसलं ते बिनसलंच, पाच धावा दिल्या, सामना गेला.

केम्परकाका उठले, म्हणाले, "आता जायला हरकत नाही," आणि गेले. आत्या म्हणाली, "साठ वर्षं गं! साठ वर्षं माणूस वाट बघतोय!" आणि आजोबा माझ्याकडे न बघता उठले. टोपी घातली, जिना उतरले. मी मागून सांगतेय, आजोबा, चेंडूला कान नसतात, मी फक्त धावफलक वाचला! छे! घरी आत्याने बटर केक कापला, चौघांत तीन तुकडे केले.

शनिवारी मला बंदी. माझी खुर्ची रिकामी ठेवली आणि तिच्यावर आत्याची पर्स बसवली. आणि आमचे जिंकले, नऊ-शून्य! आता बोला! मी फोनवर ओरडून सांगतेय की हा योगायोग आहे, एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही, तर आत्या म्हणते, "पर्स तुझ्यापेक्षा गुणी आहे."

रविवार, दुपार. निर्णायक सामना. मी घरी, डोक्याला शाम्पू लावलेला. फोन वाजला. केम्परकाका.

"ग्रेटा, बाळा, जेवलीस का?"

बाळा? परवापर्यंत मी कार्टी होते!

"काय झालं, काका?"

"त्यांचा पिचर… सहावा डाव झाला… आपल्याला एकही नाही."

"मग?"

"मग काय! आम्ही पाचव्या डावापासून नाव काढतोय गं! आत्याने काढलं, मी काढलं, अख्ख्या स्टँडने गाण्यात बसवून काढलं. काही होत नाही. तुझी जीभ पाहिजे. लगेच निघ!"

धक्का म्हणतात तो हा. ज्यांनी मला केक दिला नाही, ते माझी जीभ मागतायत! मी म्हटलं, जाते, पण बोलणार नाही. तत्त्व म्हणून नाही बोलणार. त्यांच्यामध्ये बसेन आणि तोंड मिटून दाखवेन, हरले तरी चालेल. ओल्या केसांनी गाडी काढली, पोचले तेव्हा नववा डाव, शेवटचा. एक-शून्यने शिकागो पुढे, आमचे अजून तिघे बाद झाले की सामना संपला. पाचही रांगांनी वाट करून दिली. तीच म्हातारी, क्रूसवाली, माझी पाठ थोपटत म्हणाली, "बोल गं माय, बोल."

आत्या: "बोल!" केम्परकाका: "मोठ्याने बोल! परवासारखं तुच्छतेने बोल!"

पहिला बाद. दुसऱ्याला चार वाकडे चेंडू मिळाले म्हणून फुकटात, फटक्याविना, पहिल्या बेसवर जाऊन उभा. तिसरा बाद. आता एकच माणूस बाद व्हायचा राहिला. आणि आजोबांनी माझं मनगट पकडलं. शुक्रवारनंतर पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. कानात म्हणाले, "नको बोलूस."

मला असा आनंद झाला! म्हटलं, "आजोबा! शेवटी पटलं ना तुम्हाला, की हे सगळं खूळ आहे?"

"पटलं कसलं! बोललीस तर मोडेल."

"मग मोडू दे की! निळा आहे तो!"

"माहितीय. पण मला एकदा बघायचंय, ग्रेटा. कोणाचंही असू दे."

ऐकलंत? हे कोण बोलतंय? ज्या माणसाने आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं, का, तर मुलाच्या गाडीवर शिकागोचं स्टिकर! तो माणूस, भर मैदानात, निर्णायक सामन्यात, निळ्यासाठी मला गप्प राहायला सांगतोय! आणि एकीकडे आत्या चिमटे काढतेय, बोल, बोल, दुसरीकडे मनगटावर आजोबांची बोटं. मी ओठ दाताखाली धरले. तत्त्व वगैरे कुठल्या कुठे गेलं, मी आपली त्या म्हाताऱ्यासाठी गप्प बसले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा!

आमचा फलंदाज आला. पोरसवदा, घाबरलेला, लाल टोप कपाळावर घसरलेला. पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. अजून एक हुकला की संपलं. आजोबा उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघतेय, मैदानाकडे नाही. ते आधी बघत होते पिचरकडे. मग नजर वळली त्या पोराकडे. आणि तिथेच अडकली. गाल असे आत गेले त्यांचे, जसं काही कडू औषध तोंडात धरलंय. आणि मग साध्या आवाजात, हवापाण्यावर बोलावं तसं, समोर बघतच म्हणाले,

"अजून एकही फटका नाही हं आपल्याला."

आजोबा!

कडाड्! चेंडू गेला तो गेलाच, कुंपणापलीकडे, दोन धावा, सामना आमचा, मालिका आमची! अहो, मैदान दणाणलं! आत्या माझ्या गळ्यात पडली, "बोललीस! बोललीस गं माझी बाय!" केम्परकाकांनी माझ्या कपाळाचा मुका घेतला, रेडिओसकट. मी ओरडतेय, मी नाही, मी नाही, पण कोण ऐकतं? मला उचललं, पाच रांगा वरून खाली फिरवलं. आणि आजोबा खुर्चीत बसून रडत होते. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

गाडीपर्यंत आम्ही दोघंच चालत आलो. आजोबा दाराला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "राहवलं नाही गं. तो पोरगा… आपली टोपी घालून उभा होता." आणि मग म्हणाले, "तू शिकलेली आहेस. खरं सांग. माझ्या बोलण्याने झालं का ते? की होणारच होतं?"

आता आली का पंचाईत? मला उत्तर माहीत होतं. चेंडूला कान नसतात. चार वर्षं शिकले मी हे. पण ते सांगितलं तर या माणसाने साठ वर्षांची वाट काय फुकट मोडली? कोणासाठी? मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आणि तुम्हाला सांगते, मी, ग्रेटा नीहाउस, संख्याशास्त्राची पदवीधर, पूर्ण शुद्धीत म्हणाले, "तुमच्याच बोलण्याने झालं, आजोबा. तुम्हीच जिंकून दिलंत."

काय खुलले! पाठ सरळ झाली, टोपी चढली. गाडीत बसले, पट्टा लावला. मी गाडी सुरू केली. आणि पहिल्या सिग्नलला माझ्याकडे वळून, डोळे बारीक करून म्हणतात,

"म्हणजे शुक्रवारचंही तुझ्याच बोलण्याने!"

दिवा हिरवा झाला. म्हटलं, "हो आजोबा. चुकलं माझं."