सासूबाईंची लाल शाई

...आणि वर म्हणे, राग मानू नकोस! राग नको मानू तर काय मानू, आभार? अहो, आभारच तर मानत होतो! तिथूनच सगळं सुरू झालं ना! तुम्हाला सांगतो, हातमोजे मिळाले म्हणून माणूस चार ओळींचं पत्र लिहितो, तिकीट लावतो, पेटीत टाकतो, आणि आठवड्याभरात तेच पत्र पोस्टानं परत! लाल शाईनं गोल काढलेले, समासात शेरे, आणि खाली दहापैकी गुण! असं कुठं ऐकलंयत का हो तुम्ही? माणसानं आभार मानायचे की परीक्षा द्यायची?

सासूबाई माझ्या. मिसेस इनिड फॉशॉ. श्रॉपशरमधल्या एका खेड्यातल्या शाळेत चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मग निवृत्त झाल्या, म्हणजे पगार थांबला, तपासणं चालूच. तिथल्या चर्चच्या सूचनाफलकाला पाद्रीबाबांनी स्वतःच्या हातानं दोरीला लाल पेन बांधून ठेवलंय, सासूबाई घरून आणायला विसरल्या तर गैरसोय नको म्हणून! आणि मी कोण? मी क्लाइव्ह. वुल्वरहॅम्प्टनला घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करतो. पाइप विचारा, झडप विचारा, गॅसचा दाब विचारा, झोपेत सांगेन. पण 'मी' कुठं लिहायचं आणि 'मला' कुठं, ते तेवढं विचारू नका.

आता यात माझी चूक आहे का, तुम्हीच सांगा. लहानपणी मी वर्गात उठून म्हणालो, 'मला आणि बॅरी नदीवर गेलो.' बॅरी म्हणजे माझा भाऊ. बाई अशा काही ओरडल्या, 'मला नाही! बॅरी आणि मी! बॅरी आणि मी!' की मी जन्माचा धसका घेतला. तेव्हापासून जिथं म्हणून माझा संबंध येईल तिथं 'मी' लिहून मोकळा. सभ्य वाटतं हो! आमच्याकडं इंग्लंडात निम्मा देश तसंच लिहितो, घाबरून. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळाला सासूबाईंनी दोघांना हातमोजे विणून पाठवले, आणि मी झोकात लिहिलं, 'तुम्ही रॉझला आणि मी हातमोजे पाठवलेत, त्याबद्दल आभार.' रॉझ म्हणजे बायको. पत्र परत. 'मी' भोवती एवढा मोठा लाल गोल, आणि गुण अडीच. मी बायकोला म्हटलं, 'अगं हे काय?' तर ती शांतपणे पावाला लोणी लावत म्हणते, 'अडीच? मला पहिल्यांदा दोनच दिले होते. तू आवडलायस तिला.'

एकतीस वर्षं, मंडळी! एकतीस नाताळ, एकतीस जोड हातमोजे, एकतीस पत्रं. सहा जानेवारीच्या आत, हातानं लिहून. एका वर्षी मी कौतुकानं घरची बातमी कळवली, की बॅरीनं कुत्र्याला नाताळाचा केक भरवला आणि मग त्याला अंगणात नेऊन ओकायला लावावं लागलं. समासात लाल शाईत एकच शब्द, 'कोणाला?' पुढच्या वर्षी लिहिलं, बॅरी आता कुत्र्याला घेऊन दवाखान्यात जातो, त्याच्या कानात किडे झालेत. 'कोणाच्या?' अहो, बॅरीच्या कशाला होतील? पण नाही! 'कोण? कोणाला? कोणाच्या?' झोपेत दिसायला लागलं मला ते.

मग एका वर्षी म्हटलं थांब, आता दाखवतोच. एकही सर्वनाम वापरलं नाही. नावालासुद्धा नाही! 'क्लाइव्हला हातमोजे मिळाले. क्लाइव्ह आनंदित आहे. क्लाइव्हचे हात क्लाइव्हच्या हातमोज्यांत गरम आहेत.' चूक काढायला जागाच नाही ना! पत्र परत. खाली लिहिलेलं, 'हा क्लाइव्ह गोड माणूस दिसतो. कधीतरी घेऊन ये.' गुण साडेतीन. आता सांगा, माणसानं आभार मानायचे की परीक्षा द्यायची?

तोंडावर बोलायची सोय नाही. आमच्याकडं तोंडावर कोण बोलतं? पाय कुणी तुडवला तर ज्याचा तुडवला तोच माफी मागतो. एकतीस वर्षं मी त्यांना 'मिसेस फॉशॉ' म्हणतोय. का? कारण पहिल्या दिवशी म्हटलं, त्यांनी दुरुस्त केलं नाही, आणि नंतर विचारायचं कसं? सगळं दुरुस्त करणारी बाई, तेवढंच सोडलं! बरं, मीही कधी विचारलं नाही, तेही खरं.

तर यंदाचं ऐका. जानेवारी म्हणजे आमच्या धंद्यात श्वास घ्यायला फुरसत नाही, अर्ध्या गावाचे बॉयलर एकाच थंडीत बसतात. मी पत्र लिहिलं ते गाडीच्या टपावर कागद ठेवून, एका हातात पाना. काय लिहिलं ते मलाच वाचवेना. 'तुम्ही रॉझला आणि मी' तर होतंच, शिवाय बॅरी, कुत्रा, आमचा शेजारी अशी तिघांची भेळ, आणि पुढं 'तो आता त्याला चावत नाही.' म्हटलं, गेलो. यंदा शून्य. टाकलं पेटीत.

दहा दिवसांनी पत्र आलं. उघडलं. आणि तुम्हाला सांगतो, कागद उलटून पाठीमागंसुद्धा बघितलं. लाल शाई नाही! गोल नाही, शेरा नाही, गुण नाहीत. खाली पेन्सिलीनं, कलती वेडीवाकडी अक्षरं, 'छान पत्र. आभारी आहे.'

मी रॉझला दाखवलं. ती म्हणते, 'सुटलास की रे! फ्रेम करून लाव.' मी म्हटलं, 'अगं, कोण कोणाला चावत नाही हे तुझ्या आईनं विचारलं नाही!' ती म्हणते, 'अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, कंटाळली असेल.' कंटाळली? ती? तरी रॉझनं फोन लावला. मी कान लावून ऐकतोय. 'मी अगदी ठीक आहे गं. तक्रार करण्यासारखं काही नाही. तुमच्याकडं पाऊस आहे का?' रॉझनं फोन ठेवला, म्हणाली, 'बघ, ठीक आहे.' आता हिच्या आईच्या 'ठीक'ला काय अर्थ आहे? नवऱ्याला पोचवून आल्या त्या दिवशीही ठीकच होत्या, वर सगळ्यांना चहा दिला!

मी तीन बॉयलर उद्यावर टाकले. आयुष्यात पहिल्यांदा. गिऱ्हाइकांना काय सांगितलं? सासूबाईंनी माझी चूक काढली नाही म्हणून जावं लागतंय! एक बाई म्हणाली, 'तुम्हाला बरं वाटतंय ना?' दीड तास गाडी हाकली, बर्फाचं पाणी काचेवर, आणि मी आपला पुटपुटतोय, विचारा ना, कोण चावत नाही, विचारा ना...

दार लोटलेलंच होतं. सासूबाई स्वयंपाकघरात. अंगात बाहेरचा कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, हातांत हातमोज्यांचे दोन जोड, चूल पेटवून तिच्यासमोर खुर्ची. तोंडातून वाफ निघतेय, घरात! मी भिंतीवरच्या बॉयलरला हात लावला. दगडासारखा थंड.

'किती दिवस झाले, मिसेस फॉशॉ?'

'अकरा. त्या माणसाला फोन केला होता मी. म्हणाला, जमेल तसा येतो.'

'मग परत नाही केला?'

'परत?' अशा बघताहेत माझ्याकडे, जणू मी शिवी दिली. 'त्याला वाटेल, मागे लागलीय.'

'अहो, पण मी! मी बॉयलरवाला आहे! एकतीस वर्षं तुमचा जावई आहे!'

'तुला जानेवारीत काम असतं, क्लाइव्ह. तुला कशाला त्रास?'

ऐकलंत? अकरा दिवस ही बाई गारठून बसली, का, तर घरच्या बॉयलरवाल्याला त्रास नको! डोकं आपटावंसं वाटलं मला त्या बॉयलरवर. आणि तेवढ्यात खोकल्या, खोलवर, वाईट खोकला, आणि मग हळूच म्हणाल्या, 'हळू बोल. तो वर झोपलाय.'

मी म्हटलं, 'कोण?'

'तो रे. सकाळीच आला. त्याला चहा द्यायचाय.'

'कोणाला, मिसेस फॉशॉ?'

त्यांनी माझ्याकडं बघितलं. शोधलं, तुम्हाला सांगतो, त्या डोळ्यांनी नाव शोधलं, आणि सापडेना. सासरे जाऊन बारा वर्षं झालीत. 'तो,' एवढंच म्हणाल्या. तेव्हा मी भ्यालो. आयुष्यभर ज्या 'कोण?'चा मला राग, तोच शब्द मी त्या बाईला विचारत होतो आणि तिच्याकडं उत्तर नव्हतं. माझा कोट काढला, त्यांच्या कोटावर घातला, आणि रुग्णवाहिका बोलावली.

दोन्ही फुप्फुसांना सूज. डॉक्टर म्हणाले, या वयात ताप डोक्यात जातो, माणूस भरकटतो, आणखी दोन दिवस गेले असते तर आम्ही काही करू शकलो नसतो. चार दिवस कठीण गेले. रॉझ शेजारी बसून, मी बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारून. तिसऱ्या दिवशी सुचेना तेव्हा खालच्या दुकानातून 'लवकर बरे व्हा'चं कार्ड आणलं. वर फुलदाणी, आत कोरं. काय लिहू? लिहिलं, 'प्रिय मिसेस फॉशॉ, तुमच्याशिवाय रॉझला आणि मी करमत नाही. बॅरी आणि कुत्रा रोज विचारतात, तो दोन दिवस जेवला नाही. घरी या.' चुका मुद्दाम नाही हो केल्या. मला येतंच तेवढं. उशाशी ठेवलं आणि बाहेर येऊन बसलो.

पाचव्या दिवशी सकाळी परिचारिका आली, कपाळाला आठ्या. 'फॉशॉबाईंचे तुम्हीच ना? त्यांनी लाल पेन मागितलंय. आमच्याकडं निळं आहे, नाहीतर जांभळं. त्या म्हणतात, जांभळ्याला शिस्त नाही. आणि जेवणाच्या यादीवर काय काय लिहून ठेवलंय बघा, स्वयंपाकघरवाले विचारताहेत, "कोणाबरोबर?" म्हणजे काय?'

मी धावलो! साठीला आलेला माणूस, रुग्णालयात, धावतोय! खालच्या दुकानातून लाल पेन घेतलं, परत धावत वर. तासाभरानं कार्ड माझ्या हातात. 'मी' भोवती गोल. काय सुंदर गोल हो तो! जरासा थरथरता, पण पुरा. 'तो' खाली दोन रेघा आणि समासात, 'कोण? काळजी वाटते.' मी व्हरांड्यात उभा राहून रडलो. खोटं कशाला बोलू, नाक पुसून पुसून रडलो. आणि वर, 'प्रिय मिसेस फॉशॉ' वर आडवी रेघ मारून लिहिलेलं, 'इनिड.' खाली गुण. चार. चार! दहापैकी चार! आणि शेजारी, 'अर्धा गुण नावासाठी कापला. एकतीस वर्षं वाट पाहिली. राग मानू नकोस.'

आता आमच्याकडंच आहेत. नवा बॉयलर मीच बसवतोय तिकडं, झाला की जातील म्हणाल्या. मी म्हटलं, घाई नाही, काम नाजूक आहे. तर फ्रिजवरची चिठ्ठीसुद्धा तपासून परत येते घरात! 'दूध आणि मांजर बाहेर आहे, ते आत आणा.' खाली लाल, 'कोणतं? दोन्ही?' तुम्हीच सांगा, माणसानं दूध आणायचं की परीक्षा द्यायची?

पण एक युक्ती काढलीय मी. रॉझलाही सांगितलेली नाही. रोज कामाला जाताना चिठ्ठी लिहून जातो, आणि त्यात मुद्दाम एक चूक पेरतो. एकच. संध्याकाळी आलो की आधी फ्रिजकडं बघतो, चुकीला गोल असला की समजायचं, सगळं ठीक आहे, चहा टाका. हे 'ठीक' मला पटतं. काल आलो, बघितलं, गोल होता, जीव भांड्यात पडला. मग नीट बघितलं.

गोल पाच होते. पेरली होती मी एकच.