निवारा केंद्र कुठे आहे?

समार बेटाकडे जाणाऱ्या बोटीसाठीची रांग जागची हलत नव्हती. सौर पॅनेल कुठे बसवायचे त्याचा नकाशा काखेत धरून रुएल उभा होता. पुढे म्हातारी पुरिंग आणि तिची नणंद लुदी बोलत होत्या.

"वहिनी, शाळेवर सौर पॅनेल बसवणार आहेत म्हणे."

"बसवू देत. पोरांना पंखे मिळतील."

"पोरांसाठी नाही गं. वादळात आपण शाळेत जातो ना, म्हणून."

"शाळेत कोण जातं? ओढ्याचं पाणी आधी तिथेच शिरतं. आपण जातो ते कबरींच्या टेकडीवर."

"मग पाहणीत सगळ्यांनी शाळा का सांगितली?"

"पाहणीला आलेल्या पोरीनं विचारलं, निवारा केंद्र कुठे आहे. आहे शाळेत, म्हणून शाळा सांगितली. तुम्ही कुठे जाता, असं तिनं विचारलंच नाही."

"आपणहून सांगायचंस की."

"काय सांगू? तुझ्या दादाच्या कबरीवर चढून बसतो म्हणून? जिवंतपणी त्याला घरावर धड पत्रा घालता आला नाही. गेल्या वादळात मात्र चौदा जणांना डोक्यावर बसवून घेतलं."

"वहिनी, गेलेल्या माणसाला असं बोलू नये."

"पाठीमागे नाही बोलत. त्या दिवशी त्याच्यावर बसूनच बोलले."

रुएलनं नकाशा उलगडला, खिशातून पेन काढलं.

"आजी, वादळ आलं की तुम्ही कुठे जाता?"

पुरिंग नणंदेकडे वळली. "बघ लुदी, असं विचारायचं असतं."

मग त्याला म्हणाली, "लिही. नवऱ्याकडे."